मुक्कामाची जागा आणि जाण्यायेण्याची वाट

परगावी मुक्काम कुठे करावा, या प्रश्नाचे उत्तर धर्मग्रंथात सापडेल असे सहसा कुणाला वाटत नाही. तीर्थांची माहात्म्ये सांगणारे ग्रंथ उदंड आहेत, पण तीर्थाला पोचल्यावर पथारी कुठे टाकायची याविषयी ते बहुधा गप्प असतात. पाली बौद्ध वाङ्मय याला अपवाद आहे. अंगुत्तरनिकायाच्या दशकनिपातात भिक्षूच्या निवासस्थानाची लक्षणे दिलेली आहेत. जागा वस्तीपासून फार लांब नसावी आणि फार जवळही नसावी. जायला-यायला वाट चांगली असावी. दिवसा तिथे वर्दळ नसावी, रात्री आवाज नसावा. डास, माश्या, ऊन, वारा, सरपटणारे प्राणी यांचा उपद्रव बेताचा असावा. अन्न, वस्त्र, औषध फार खटपट न करता मिळावे, आणि अडले तर विचारता येईल अशी जाणती, वडीलधारी माणसे तिथे राहत असावीत. आजचा प्रवासी हॉटेल शोधताना जवळजवळ हेच पाहतो. जाणत्या वडीलधाऱ्यांच्या जागी फक्त स्वागतकक्षातला कर्मचारी आला आहे, आणि त्याला विचारायच्या शंका थोड्या वेगळ्या असतात.

ही लक्षणे निव्वळ उपदेशापुरती राहिली नाहीत. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात श्रावस्तीचा श्रेष्ठी अनाथपिंडिक बुद्धासाठी विहाराची जागा शोधत शहराभोवती हिंडतो, तेव्हा याच कसोट्या लावतो. लांब नको, जवळ नको, वाट सोयीची हवी, आणि ज्यांना भेटायला यायचे आहे त्यांना येता आले पाहिजे. या सगळ्यांना उतरणारी बाग राजपुत्र जेताची निघते. जेत विकायला तयार नसतो. सगळ्या जमिनीवर नाणी अंथरली तरी देणार नाही, असे तो म्हणतो, आणि इथेच फसतो. वाद न्यायाधीशांपुढे जातो. ते ठरवतात की किंमत तोंडातून निघाली, म्हणजे सौदा झाला. गाड्या भरभरून नाणी येतात आणि बागेत पसरली जातात. दाराजवळचा थोडा तुकडा उघडा राहतो, तो जेत स्वतःहून देतो. भारहूतच्या शिल्पात हा प्रसंग कोरलेला आहे. मोक्याच्या जागेचा भाव तेव्हाही असा चढलेला होता, आणि धर्मकार्य म्हणून त्यात सूट मिळाली नव्हती.

पाचव्या शतकातल्या बुद्धघोषाने विसुद्धिमग्गात याच विषयाची दुसरी बाजू मांडली. ध्यानाला बसणाऱ्याने टाळावेत असे विहाराचे अठरा दोष त्याने सांगितले आहेत, आणि त्यांतले अनेक वाचताना हॉटेलांच्या तक्रारवह्या आठवतात. फार मोठा विहार नको, कारण तिथे नाना मतांची माणसे असतात आणि झाडलोट कुणीच करत नाही. फार नवा नको, तिथे बांधकाम चालू असते. प्रसिद्ध नको, कारण लोकांची रीघ लागते. बंदराजवळ नको, कारण येणारेजाणारे सतत काही ना काही मागायला येतात. आणि अगदी वाटेवरचा तर नकोच. अवेळी पाहुणे येतात, त्यांना आपली खोली द्यावी लागते आणि आपण झाडाखाली निजायची पाळी येते. या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करण्याच्या कामात गोव्याच्या सांकवाळचे धर्मानंद कोसंबी यांचा मोठा वाटा होता. हेन्री क्लार्क वॉरन यांनी सुरू केलेले संपादन त्यांनी तडीस नेले आणि ते १९५० मध्ये हार्वर्ड ओरिएंटल सिरीजमध्ये प्रसिद्ध झाले.

पश्चिम महाराष्ट्रातली लेणी पाहिली की ही सूत्रे दगडात कशी उतरली ते दिसते. कार्ले आणि भाजे बोरघाटाच्या वाटेवर आहेत, जुन्नरची लेणी नाणेघाटाच्या माथ्यावरच्या प्रदेशात, आणि कान्हेरी सोपारा व कल्याण या बंदरांच्या टप्प्यात. एकही लेणे भर हमरस्त्यात नाही. व्यापाऱ्यांचे तांडे खालून जात, भिक्षू वर डोंगरात असत. भिक्षेसाठी उतरता येई आणि संध्याकाळी परतता येई. वाटेच्या जवळ, पण वाटेवर नव्हे, असा तो हिशेब होता.

या सगळ्यातून एक तात्त्विक भूमिका उभी राहते. जागेला स्वतःचा असा गुण नसतो. तिचे चांगलेपण राहणाऱ्याच्या हेतूवर आणि तिच्याकडे नेणाऱ्या वाटेवर ठरते. वैशेषिक दर्शनाच्या पंडितांनी हाच प्रश्न वेगळ्या अंगाने हाताळला. तर्कसंग्रह शिकणाऱ्याला चोवीस गुणांमध्ये परत्व आणि अपरत्व, म्हणजे दूर असणे आणि जवळ असणे, ही जोडी भेटते. हे गुण पदार्थात असतात खरे, पण पाहणाऱ्याच्या अपेक्षाबुद्धीवाचून ते उत्पन्न होत नाहीत. इथून मोजले तर ते जवळ, तिथून मोजले तर दूर. त्यांचे दोन प्रकार आहेत, दिशेमुळे होणारे आणि काळामुळे होणारे. दुसऱ्या प्रकाराचा अर्थ मात्र थोरला आणि धाकटा एवढाच आहे. नव्यन्यायाच्या रघुनाथ शिरोमणीने तर पुढे हे वेगळे गुण मानायलाच नकार दिला. या साऱ्या काथ्याकुटात एक शक्यता कुणाच्या मनात आली नव्हती: तेच अंतर, तोच माणूस, तेच वाहन, आणि तरीही सकाळी जवळ असलेली जागा संध्याकाळी दूर जाते. चालण्याचा वेग सगळ्यांचा सारखाच असतो अशा जगात हा प्रश्न उद्भवतच नाही. तो उद्भवतो बँकॉकसारख्या शहरात.

थायलंडच्या चक्री घराण्यातल्या पहिल्या राजाने १७८२ मध्ये चाओ फ्राया नदीच्या पश्चिम काठावरच्या थोनबुरीहून राजधानी पूर्व काठावर आणली. त्याच वर्षी २१ एप्रिलला नगरस्तंभ उभारला गेला. जिथे राजवाडा व्हायचा होता तिथली चिनी वस्ती उठवून सम्पेंगला नेली गेली, तीच आजची यावराट. हे शहर पाण्यावरचे होते. माणसे होडीने हिंडत, घराची दर्शनी बाजू कालव्याकडे असे, आणि चांगली जागा म्हणजे ख्लोंगच्या, अर्थात कालव्याच्या, काठची जागा. परदेशी वकिलातींच्या आग्रहावरून १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला चारोएन क्रुंग हा पहिला आधुनिक रस्ता बांधला गेला, आणि तिथून शहराने हळूहळू पाण्याकडे पाठ फिरवली. पुढच्या शंभर वर्षांत कालवे बुजवून रस्ते झाले. १८८८ मध्ये सुरू झालेली ट्राम १९६८ मध्ये बंद पडली. भातखाचरांच्या आणि बागांच्या लांबट पट्ट्या मालकांनी आपापल्या सोयीने पाडून विकल्या, त्यांतून सोई नावाच्या लांब, अरुंद आणि पुष्कळदा दुसऱ्या टोकाला बंद असलेल्या गल्ल्या तयार झाल्या. त्या सगळ्या एकाच मोठ्या रस्त्याला येऊन मिळतात. दोन शेजारी गल्ल्यांमधून एकीतून दुसरीत जायचे तर आधी मोठ्या रस्त्यावर यावे लागते. परिणामी शहरातली जवळपास प्रत्येक गाडी, तिला शेजारी जायचे असो की शहराच्या टोकाला, त्याच थोड्या रस्त्यांवर एकत्र येते.

अशा ठिकाणी नकाशावरच्या अंतरावर विसंबून हॉटेल घेणे म्हणजे वैशेषिकाने अपेक्षाबुद्धी घरी विसरण्यासारखे आहे. खाओ सान रस्त्यावरून सियाम चौकापर्यंतचे अंतर पाच किलोमीटरच्या आतबाहेर. पहाटे टॅक्सीला ते काहीच नाही; पावसाळ्यातल्या शुक्रवारी संध्याकाळी तासाभराचा खेळ होऊ शकतो. याच प्रवासाला फानफा लिलातच्या धक्क्यावरून सेन सेप कालव्याची बोट घेतली तर सिग्नल नाही आणि कोंडीही नाही. फक्त पाण्याचा वास आणि चढताउतरताना थोडी कसरत. हा कालवा १८३७ मध्ये तिसरा राम या राजाच्या काळात खणलेला. बुजवला गेला नाही म्हणून आज तो शहरातल्या भरवशाच्या वाटांपैकी एक आहे.

दुसरी भरवशाची वाट डोक्यावरून जाते. बीटीएस ही उन्नत रेल्वे ५ डिसेंबर १९९९ ला सुरू झाली. तिच्या दोन मुख्य मार्गिका सियामला एकमेकींना भेटतात. भुयारी एमआरटी २००४ मध्ये आली आणि असोकजवळ उन्नत रेल्वेला जोडली गेली. सुवर्णभूमी विमानतळाहून शहरात येणारी रेल्वे २०१० मध्ये सुरू झाली; ती फाया थाईला बीटीएसला मिळते. त्यामुळे ‘जाण्यायेण्याला सोयीची’ या पाली कसोटीचा बँकॉकमधला अर्थ सरळ आहे: स्थानकापासून किंवा बोटीच्या धक्क्यापासून पायी किती. कार्यालयीन कामासाठी सिलोम-साथोन, खरेदीसाठी सियाम ते चित लोम, दोन्ही रेल्वे हाताशी हव्या असतील तर असोक, हे सोपे हिशेब आहेत. मुंबईहून कापडाच्या आणि कपड्यांच्या खरेदीला जाणारे प्रतूनाममध्ये उतरतात, तेही सोयीचेच, कारण बाजार पायाशी असतो आणि कालव्याची बोट जवळ. जुन्या शहरातला राजवाडा आणि वाट फो हा विहार पाहायला जाणाऱ्यांची अडचण २०१९ मध्ये सनाम चाई स्थानक झाल्यावर बरीच कमी झाली. नदीकाठच्या हॉटेलांचे गणित निराळे. त्यांतली बरीचशी आपली बोट साथोन धक्क्यापर्यंत सोडतात आणि तिथेच सफान ताक्सिन हे रेल्वेस्थानक आहे. ही सोय नसलेले नदीकाठचे हॉटेल देखणे असले तरी अडनिड्या जागी असते.

फसगत होते ती ‘स्थानकाजवळ’ या शब्दाने. सुखुमवित रस्त्यावरच्या गल्ल्यांना एका बाजूला विषम आणि दुसऱ्या बाजूला सम क्रमांक आहेत. गल्लीचे तोंड स्थानकाला लागून असते, पण हॉटेल गल्लीत किलोमीटरभर आत असू शकते. दुपारच्या उन्हात सामान ओढत ते अंतर मोठेच. त्यासाठी गल्लीच्या तोंडाशी नारिंगी जाकिटे घातलेले दुचाकीवाले उभे असतात. शिवाय हॉटेल रस्त्याच्या कुठल्या अंगाला आहे हेही पाहावे लागते. मधला दुभाजक आणि एकमार्गी रस्ते यांमुळे समोर दिसणाऱ्या दारापर्यंत जायला गाडीला लांबचा वळसा घ्यावा लागतो, आणि मीटर चालू असतो. अनाथपिंडिकाने एवढी बारीक चौकशी केली असती की नाही कोण जाणे, पण बुद्धघोषाने हा एकोणिसावा दोष यादीत नक्कीच घातला असता.

इथवरची भूमिका जागेला साधन मानते. थाई धर्मजीवनात तिला समांतर चालणारी दुसरी भूमिका आहे आणि ती जागेला मालक मानते. माणूस येण्याआधीपासून त्या जमिनीवर कुणीतरी राहत असते. बांधकाम करायचे तर त्याची परवानगी घ्यावी आणि त्याला राहायला जागा द्यावी. म्हणून घर, दुकान, बँक, पेट्रोलपंप, हॉटेल, सगळ्यांच्या आवारात खांबावर उभे केलेले छोटे देवघर असते, सान फ्रा फूम. मुख्य इमारतीची सावली त्याच्यावर पडू नये असा नियम आहे, आणि बँकॉकच्या उंच इमारतींमध्ये तो पाळताना वास्तुरचनाकारांची बरीच तारांबळ होते. रोज उदबत्ती, फुले, भात आणि लाल सरबताची बाटली, स्ट्रॉ घालून, समोर ठेवली जाते. कोकणात आणि गोव्यात वाढलेल्या माणसाला यात फारसे नवल वाटणार नाही. गावच्या राखणदाराला रोट देणे, काम सुरू करण्याआधी गाऱ्हाणे घालणे, वेशीवरच्या देवाची आठवण ठेवणे, या साऱ्यांमागे हीच समजूत आहे. फरक इतकाच की कोकणातला राखणदार गावाचा असतो. बँकॉकमधला भूखंडाचा असतो.

या भूमिकेचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण हॉटेलाचेच आहे. १९५० च्या दशकात थाई सरकारने रत्चप्रसोंग चौकात इंद्राच्या ऐरावतावरून नाव ठेवलेले एरावण हॉटेल बांधायला घेतले. काम अडखळत राहिले. अपघात झाले, खर्च वाढला आणि इटलीहून संगमरवर आणणारे जहाज बुडाले. कामगार घाबरले. एका ज्योतिष्याने सांगितले की पायाभरणीचा मुहूर्त चुकला आहे, आणि उपाय म्हणून चतुर्मुख ब्रह्मदेवाचे स्थान उभारावे. ९ नोव्हेंबर १९५६ ला मूर्तीची स्थापना झाली. हॉटेल पूर्ण झाले आणि चालले. १९८७ मध्ये ते पाडले गेले, १९९१ मध्ये त्याच जागी नवे मोठे हॉटेल उभे राहिले. ब्रह्मदेव होता तिथेच राहिला. पुढे चौकात आणखी देव आले. कुठे त्रिमूर्ती, कुठे गणपती, कुठे इंद्र, एका हॉटेलासमोर गरुडावर बसलेला नारायण, आणि एका व्यापारसंकुलाच्या गच्चीवर लक्ष्मी. ज्या देशातले बहुसंख्य लोक थेरवादी बौद्ध आहेत तिथल्या सर्वांत महागड्या चौकात वैदिक आणि पौराणिक देवमंडळ हॉटेलांच्या आणि दुकानांच्या रखवालीला उभे आहे, हे दृश्य भारतीय पाहुण्याला सुखावते आणि थोडे बुचकळ्यातही टाकते. भारतात ब्रह्मदेवाची पूजा दुर्मीळ. इथे त्याच्यापुढे लाकडी हत्तींचे ढीग, झेंडूच्या माळा, आणि नवस फेडायला पैसे देऊन नाचवलेल्या नर्तकी.

२१ मार्च २००६ ला एका मनोरुग्ण माणसाने ही मूर्ती हातोडीने फोडली आणि जमलेल्या लोकांनी त्याला जागीच ठार केले. दोन महिन्यांत, २१ मे ला, नवी मूर्ती बसली. १७ ऑगस्ट २०१५ ला तिथे बाँबस्फोट होऊन वीस जण मारले गेले. १९ ऑगस्टला दर्शन पुन्हा सुरू झाले. या दोन्ही घटना पावित्र्य नेमके कुठे असते या प्रश्नाला भिडतात. मूर्ती गेली तरी ते गेले नाही, हॉटेल पाडले तरी गेले नाही, आणि ज्या देवाच्या स्थानामुळे अरिष्टे टळतील असे मानले गेले तिथेच अरिष्ट आले तरीही गेले नाही. श्रद्धा त्या कोपऱ्याशी बांधलेली राहिली. तिला परिणामांनी खोटे ठरवता येत नाही. आणि नेमक्या याच कारणासाठी परिणामांनी खरेही ठरवता येत नाही, ही गोष्ट हॉटेल पूर्ण झाल्याचा दाखला देणारे विसरतात. जहाज बुडाल्याचा संबंध मुहूर्ताशी जोडणे आणि नंतरच्या भरभराटीचा संबंध मूर्तीशी जोडणे, या एकाच प्रकारच्या उड्या आहेत.

थायलंडमध्येच या उपासनेला खडा विरोध करणारा विचार झाला. १९३२ मध्ये चैया इथे सुआन मोक्ख ही अरण्यसाधनेची जागा उभारणारे बुद्धदास भिक्खू (१९०६–१९९३) मागणी, नवस आणि पुण्याचा व्यापार यांना बुद्धाच्या शिकवणीबाहेरचे मानत. देव, स्वर्ग, नरक ही मनाच्याच अवस्थांची नावे आहेत, असे ते शिकवत. थेरवादी दृष्टीने ब्रह्मदेव जगाचा कर्ता नव्हे. तोही संसारात अडकलेला, आयुष्य लांब असले तरी संपणारे. सामान्य थाई उपासकाने या तिढ्यातून आपली वाट काढली आहे. चार मुखे म्हणजे मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा हे चार ब्रह्मविहार, असे तो सांगतो आणि नवस बोलायला मोकळा होतो. शास्त्राला हे पुरेसे नसेल; पण या चौकात चौथ्या मुखाला काम फार आहे.

कारण मूर्तीच्या समोरच शहरातली एक मोठी कोंडी उभी असते. रामा प्रथम, फ्लोएन चित आणि रत्चदम्री हे रस्ते इथे एकत्र येतात. वर रेल्वेचे काँक्रीटचे छत, खाली गाड्या. अनेक चौकांत सिग्नल पोलीस चौकीतून हाताने चालवले जातात, त्यामुळे लाल दिवा किती वेळ राहील याचा अंदाज करता येत नाही. टॅक्सीवाले जाता जाता चाकावरचे हात सोडून ब्रह्मदेवाला नमस्कार करतात. गाड्यांच्या आरशाला माळा, समोर बुद्धाच्या मूर्ती आणि ताईत, आणि आत छतावर भिक्षूने पिठीने काढलेली यंत्रे असतात. दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालणाऱ्या महाराष्ट्राने यावर हसू नये. भोंगे मात्र फारसे वाजत नाहीत, आणि मुंबई-पुण्याहून गेलेल्या माणसाला पहिल्या दिवशी सर्वांत जास्त जाणवते ती ही शांतता.

या शांततेचा अर्थ काय? अडकणे हे कर्माचे फळ आहे असे मानून लोक गप्प बसतात, असे काही पाहुणे समजतात. बौद्ध ग्रंथ या समजुतीला आधार देत नाहीत. संयुत्तनिकायात मोलियसीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला विचारतो की माणसाला जे काही सुखदुःख भोगावे लागते ते सगळे पूर्वकर्मामुळेच का. उत्तर नकारार्थी आहे. पित्त, कफ, वात, तिन्हींचा संनिपात, ऋतूतला बदल, बेफिकीर वागणूक, बाहेरून झालेला आघात, अशी कारणे आधी मोजली जातात आणि कर्म हे त्यांतले एक, शेवटचे. बँकॉकच्या कोंडीला ही यादी जवळजवळ जशीच्या तशी लागू पडते. पाऊस हे ऋतूचे कारण. चौकात गाडी घुसवून आडवी उभी करणे ही बेफिकीर वागणूक. आणि बुजवलेले कालवे, बंद टोकांच्या गल्ल्या, उशिरा आलेली रेल्वे ही माणसांनी घेतलेल्या निर्णयांची फळे, ज्यांच्या तारखा सांगता येतात. यातले काहीही पूर्वजन्मात झालेले नाही.

तरीही अडकलेल्या माणसापुढे त्या घटकेला करण्यासारखे काही नसते, आणि इथे उपेक्षेचा प्रश्न येतो. विसुद्धिमग्गात प्रत्येक ब्रह्मविहाराचा एक दूरचा आणि एक जवळचा शत्रू सांगितला आहे. उपेक्षेचे दूरचे शत्रू राग आणि लोभ. ते ओळखू येतात. जवळचा शत्रू अज्ञानातून आलेली बेपर्वाई. तो जवळचा म्हणून घातक, कारण बाहेरून तो उपेक्षेसारखाच दिसतो. कोंडीत शांत बसलेल्या दोन माणसांपैकी एकाला ती कशाने झाली हे ठाऊक असते आणि तरी तो चिडत नाही. दुसऱ्याला ठाऊक नसते आणि ते जाणून घ्यायचेही नसते. पहिल्याने उद्या रेल्वे घेतली, किंवा तासभर आधी निघाला, किंवा महापालिकेच्या निवडणुकीत रस्त्यांबद्दल प्रश्न विचारला, तर त्याची शांतता कारणांच्या ज्ञानावर उभी होती हे कळते. दुसरा उद्याही त्याच रस्त्यावर असतो. थाई सभ्यतेत चिडणे हलके मानतात, ही चांगली गोष्ट आहे. पण ती सवय कित्येकदा या जवळच्या शत्रूला आसरा देते, असे म्हणायला जागा आहे.

शिवाय अडकलेला माणूस निरपराध प्रेक्षक नसतो. त्याला कोंडी समोर दिसते. मागच्या गाडीवाल्याला तीच कोंडी या गाडीपासून सुरू झालेली दिसते. कुठलीही एक गाडी काढून घेतली तर कोंडी सुटत नाही आणि सगळ्या काढल्या तर ती उरत नाही. प्रतीत्यसमुत्पाद, म्हणजे सारे काही एकमेकांवर अवलंबून घडते हे बौद्ध तत्त्व, समजावताना इतके सोपे उदाहरण क्वचित मिळते. घाईत असलेला प्रवासी मग नारिंगी जाकीटवाल्याच्या दुचाकीवर बसतो आणि गाड्यांच्या फटींतून निसटतो. तेव्हा वेळ त्याचा वाचतो आणि धोका दोघे वाटून घेतात. फक्त दुचाकीवाल्याच्या वाट्याला तो दिवसभर, रोज येतो. त्याला ‘लवकर’ म्हणण्याआधी एवढे लक्षात घ्यायला हरकत नाही. शिरस्त्राण दोघांनी घालावे असा कायदा आहे. प्रवाशाने ते मागून घ्यावे.

चांगली जागा कुणासाठी चांगली, हा प्रश्न अजून उरतो. फानफा लिलातच्या धक्क्याजवळ, महाकान किल्ल्याच्या भिंतीला लागून एक जुनी वस्ती होती. लाकडी घरे, कालवा, जवळच वाट साकेत या विहाराचे सुवर्णटेकाड. पर्यटकांच्या दृष्टीने मोक्याचे ठिकाण. तिथे उद्यान करायचे म्हणून रहिवाशांना उठवण्याचा प्रयत्न महापालिकेने अनेक वर्षे केला, आणि २०१८ मध्ये शेवटची घरे गेली. १७८२ मध्ये चिनी वस्ती राजवाड्यासाठी उठली होती, हेही उठवणेच, कारण तेवढे बदलले. भूखंडाच्या अदृश्य मालकाला देवघर बांधून देणाऱ्या शहरात दृश्य रहिवाशांना तेवढीही जागा मिळत नाही, ही विसंगती कुणा एका धर्माची नाही, पण तिच्याकडे धर्मविचाराने काणाडोळा करणेही बरोबर नाही.

अनाथपिंडिकाच्या कसोट्यांमध्ये आजच्या मार्गदर्शक पुस्तकांतून गळलेली एक आहे. जागा राहणाऱ्याला सोयीची असावी एवढे त्याला पुरत नव्हते. येणाऱ्यांनाही ती पोचण्याजोगी हवी होती. सुखुमवितवरच्या हॉटेलात उतरलेल्याला स्थानक पाच मिनिटांवर असते. त्याच हॉटेलात खोल्या झाडणारी बाई आणि रात्रीचा पहारेकरी बहुधा शहराच्या कडेला राहतात. बस, सोंगथेव ही बाकांची सामायिक गाडी आणि शेवटी रेल्वे, असे टप्पे करत ते पहाटे निघतात, आणि संध्याकाळी तीच कोंडी उलट्या दिशेने पार करतात. जागेची किंमत जितकी चढते तितके हे टप्पे लांबतात. हॉटेलची निवड करताना प्रवाशाला हे अंतर मोजून दाखवणारा रकाना कुठल्याही नकाशात नाही. श्रावस्तीच्या त्या व्यापाऱ्याने तो आपल्या यादीत घेतला होता.